पहिल्यांदा चांद्याचा परकोट पाहताना

मूलहून पहिल्या एसटीने चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला येऊन परकोटाचे, म्हणजे शहराभोवतीच्या जुन्या तटबंदीचे, जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चारही दरवाजे एका दिवसात करायचे म्हणतोस. तसं करू नकोस. नवीन माणूस इथंच चुकतो. शेवटी फक्त पाय दुखल्याचं आठवतं.

पहिल्या खेपेला अचलेश्वर दरवाजा घे. आत शिरायची घाई नको. समोर उभा राहून कमानीच्या बाजूंना वर बघ, हत्तीला नमवणारा सिंह दिसेल. ते गोंड राजांचं चिन्ह. ते एकदा ओळखलंस की बाकीचे दरवाजे आपोआप बोलायला लागतात. मग अचलेश्वर मंदिर, आणि शेजारीच गोंड राजांच्या समाध्या. गोंड राजा बीरशहाची समाधी त्याची राणी हिराईने बांधवली. तिथं अर्धा तास तरी बस. मला सगळ्या चांद्यात तीच जागा सर्वांत जवळची वाटते.

एवढं सांभाळ:
- नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी लवकर ये. एप्रिल-मे मध्ये चांद्याचं ऊन चालू देत नाही.
- परकोटाच्या सुट्या दगडांवर चढू नकोस.
- फोटो नंतर काढ, आधी बघ.

खिडक्या (परकोटातले छोटे दरवाजे), बुरूज, बल्लारपूरचा किल्ला हे सगळं पुढच्या खेपेला. येण्याआधी कळव, मी अचलेश्वर दरवाज्यापाशी येतो.