'क्रेझी' म्हणजे आधी वेडा नव्हे, तडा गेलेला

तुमचा प्रश्न असा होता: शेक्सपिअरच्या 'हेन्री सहावा'च्या पहिल्या भागात 'क्रेझी एज' असे शब्द आले आहेत आणि तळटीपेत त्याचा अर्थ 'आजारी, अशक्त' असा दिला आहे. तर हा आपला रोजचाच 'क्रेझी' आहे, की दिसायला सारखा असलेला दुसराच कुठला शब्द? आणि तोच असेल, तर ज्याला उद्देशून ते शब्द आहेत त्या म्हाताऱ्या ड्यूकला वेडा म्हटलं आहे का?

शब्द तोच आहे आणि तळटीप बरोबर आहे. वेडेपणाचा त्या ओळीशी काही संबंध नाही. पण 'तेव्हा अर्थ वेगळा होता' एवढंच सांगून थांबलं तर या शब्दातलं सगळ्यात सुंदर हाती लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात मडक्यापासून करू. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत 'क्रेझ' हे क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ तडकणं, फुटणं, चुरा होणं. ते उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आलं असावं असं मानतात. स्वीडिशमध्ये आजही एखादी वस्तू फुटून तुकडे तुकडे झाली की ती 'क्रास'मध्ये गेली असं म्हणतात. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये किमयागारांची एक गोष्ट आहे. भट्टीवर ठेवलेलं भांडं फुटतं, आतले धातू कुठल्या कुठे उडतात, काही जमिनीत घुसतात, काही छपराला जाऊन भिडतात. मग नेहमीप्रमाणे भांडण. एक म्हणतो जाळ फार वेळ ठेवला, दुसरा म्हणतो फुंकणाऱ्याचं चुकलं. शेवटी त्यांचा गुरू सांगतो की माझी खात्री आहे, भांडंच 'क्रेझ्ड' होतं. म्हणजे त्याला आधीच तडा गेलेला होता, ताव सोसेल असं ते नव्हतंच.

'भांडंच तडकलेलं होतं' हे वाक्य मनात धरून पुढे चला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज माणूस आपल्या शरीराबद्दल नेमकं हेच म्हणू लागला. तब्येत 'क्रेझी' आहे म्हणजे काही विशिष्ट रोग झालाय असं नाही. शरीराला बारीक तडे गेले आहेत, वरून अख्खं दिसतं, पण भार टाकला की भरवसा नाही. सततच्या नादुरुस्त प्रकृतीसाठी इतका नेमका शब्द मला इंग्रजीत दुसरा दिसत नाही. 'सिक' म्हणजे आज आजारी, उद्या बरा. 'क्रेझी' माणूस उद्याही तसाच.

आता तुमचा प्रसंग पुन्हा वाचा. फ्रान्समधल्या रुआं शहराच्या तटाबाहेर ड्यूक ऑफ बेडफर्डला खुर्चीत बसवून आणलंय. तो आजारी आहे, उभंही राहता येत नाही. इंग्रज सेनानी टॅलबट त्याला म्हणतो, चला, तुम्हाला अधिक चांगल्या जागी नेऊ, 'फिटर फॉर सिकनेस अँड फॉर क्रेझी एज'. आजारपणाला आणि खिळखिळ्या झालेल्या म्हातारपणाला सोसेल अशा जागी. त्यात उपहासाचा लवलेश नाही, काळजी आहे. आणि बेडफर्ड जायला नकार देतो: मी इथेच तटासमोर बसेन, तुमच्या बऱ्यावाईटात माझा वाटा राहील. इथे 'क्रेझी'चा अर्थ 'वेडा' घेतला तर टॅलबट उद्धट ठरतो आणि सगळा प्रसंगच विस्कटतो. (खरा बेडफर्ड १४३५ साली रुआंमध्येच वारला.)

शेक्सपिअरकडे या शब्दाची बाकीची रूपंही सापडतात. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये डिमिट्रियस लायसँडरला बजावतो की तुझा 'क्रेझ्ड' हक्क सोड. म्हणजे हक्काला तडा आहे, तो टिकणारा नाही. आणि 'किंग लिअर'मध्ये वादळी रात्री ग्लॉस्टर सांगतो की मुलाच्या दगाबाजीच्या दुःखाने माझी बुद्धी 'क्रेझ' केली. हा खरा वळणाचा दगड. भांडं तडकतं, शरीर तडकतं, आणि आता बुद्धी तडकली. 'वेडा' हा अर्थ असा आला, आकाशातून पडलेला नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी विशेषण म्हणूनही तो रुळू लागला. पण जुना अर्थ लगेच मेला नाही. मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये, म्हणजे १६६७ मध्ये, देव फेरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, सैन्याच्या रथांची चाकं 'क्रेझ' करतो, सरळ मोडतो. १७५५ साली जॉन्सनने आपला शब्दकोश काढला तेव्हाही 'क्रेझी'चा पहिला अर्थ त्याने 'मोडका, जर्जर' असाच दिला. वेड दुसऱ्या क्रमांकावर. जाता जाता: जॉन्सनला हा शब्द फ्रेंच 'एक्राझे'वरून, म्हणजे चिरडण्यावरून, आला असं वाटत होतं. आज उलट मानतात, की फ्रेंचांनीच तो इंग्रजीतून उचलला.

मग प्रकृतीचा अर्थ मागे का पडला? माझं मत सांगते. एकदा 'क्रेझी'ने मनावर बोट ठेवलं की आजारी वडिलांबद्दल तो शब्द वापरणं अवघड होतं, ऐकणारा भलतंच समजतो. माणसांवरून तो हटला, निर्जीव वस्तूंवर मात्र बराच काळ टिकला. जुन्या पुस्तकांत गळक्या होड्या, डुगडुगणारे जिने आणि पडायला आलेली घरं 'क्रेझी' असतात. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये शेवटाकडे थेम्सकाठच्या बकाल वस्तीचं वर्णन आहे, तिथे घरांच्या मागच्या लाकडी सज्जांना हेच विशेषण लावलंय. तिथे 'वेडेवाकडे सज्जे' असं भाषांतर करायचा मोह होतो. मीही एका जुन्या पत्राचं भाषांतर करताना 'माय क्रेझी बॉडी'ला 'माझं वेडं शरीर' लिहून बसले होते, आणि ते छापून गेलं. पत्र लिहिणारी बाई फक्त सांगत होती की आता अंगात त्राण उरलं नाही. तिच्यावर तो अन्याय झाला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणूनच हे इतकं लांबवून लिहिते आहे.

मूळ अर्थ आजही जिवंत पाहायचा असेल तर कुंभारकामाकडे जा. तिथे 'क्रेझिंग' हा रोजचा शब्द आहे. भट्टीतून निघून भांडं निवताना वरचा काचेचा थर आतल्या मातीपेक्षा जास्त आकसू पाहतो, त्याला ताण सोसत नाही आणि त्यावर बारीक रेषांचं जाळं उमटतं. आजीच्या लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीवर, वर्षानुवर्षांच्या वापराने काळपट झालेल्या केसासारख्या रेषा तुम्ही पाहिल्या असतील. तेच क्रेझिंग. बरणी फुटलेली नाही, पण अख्खीही नाही.

आणि आता आपल्याकडे बघा. 'रोग' हा शब्द ज्या 'रुज्' धातूपासून आला त्याचा पाणिनीच्या धातुपाठातला अर्थ आहे भंग, मोडणं. 'रुग्ण' त्याच धातूचा, म्हणजे मुळात 'मोडलेला'. ताप येण्याआधी आपण म्हणतो, 'अंग मोडून आलंय'. 'जर्जर' हा शब्द तर 'क्रेझी'चा जुळा भाऊ शोभेल: म्हातारपणाने माणूस जर्जर होतो, रोगाने शरीर जर्जर होतं, आणि संस्कृतात फुटक्या भांड्यातून येणाऱ्या बद्द आवाजालाही जर्जर म्हणत. डोक्याच्या बाबतीत मात्र मराठीची मूळ प्रतिमा वेगळी. आपलं डोकं तडकत नाही, ते फिरतं. 'तो जरा क्रॅक आहे' हे आपण इंग्रजीतून घेतलं.

बाजारात माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघतो ना? तडा असेल तर बद्द वाजतो, चांगला असेल तर खणखणीत. आजारातून उठलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? ठणठणीत बरा. तोही वाजवून पारखलेल्या भांड्याचाच शब्द. जुन्या इंग्रजीतल्या 'क्रेझी' तब्येतीचा विरुद्धार्थी शब्द कुणी मला विचारला तर मी इंग्रजीत शोधणार नाही, 'ठणठणीत' सांगेन.

तुमच्या ओळीसाठी माझी सूचना: 'आजारपणाला आणि जर्जर वार्धक्याला मानवेल अशा जागी'. 'खिळखिळं म्हातारपण'ही चालेल, पण टॅलबट आदराने बोलतोय, त्याच्या तोंडी 'जर्जर वार्धक्य'च बरं वाटतं. आणि त्याच नाटकात पुढे किंवा त्या काळच्या इतर लेखनात हा शब्द भेटला, तर तो माणसाच्या शरीराला लावलाय, वस्तूला, की बुद्धीला, हे आधी पाहा. अडलं तर ओळ इथे टाका, मिळून बघू.