‘बाबांसारखं मला जमणारच नाही’

घरचा व्यवसाय किंवा कला पुढे नेणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य मी समुपदेशनात इतक्यांदा ऐकलंय, की एकदा त्यावर लिहायलाच हवं होतं.

तो टोकियोतल्या एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी. वडिलांची पुण्यात खानावळ. ऑनलाइन भेटीत खांद्यावरचा नॅपकिन पिळत तो पुन्हा पुन्हा तेच सांगायचा. “मॅडम, इथल्या गिऱ्हाइकांसाठी तिखट कमी करावं लागतं. बाबांच्या रश्श्याची वाट लावतोय मी. तीच चव आलीच पाहिजे ना?”

त्यातले दोन्ही ‘च’ मी वहीत लिहून ठेवले. इतक्या वर्षांत मला हेच दिसलंय, की माणूस परिस्थितीपेक्षा अशा ‘च’नेच जास्त पोळतो.

तिसऱ्या भेटीत कळलं, सुट्टीच्या दिवशी तो आवडीने मापो तोफू, म्हणजे तिखट सिचुआनी रश्श्यातलं सोयाबीनचं पनीर, खातो. मग मी जपानमधले नावाजलेले चिनी पदार्थांचे शेफ चेन केनइची यांचा विषय काढला. त्यांचे वडील चेन केनमिन मूळचे चीनमधल्या सिचुआनचे. १९५२ साली ते जपानला आले आणि १९५८ मध्ये त्यांनी टोकियोत ‘शिसेन हानतेन’ हे सिचुआनी हॉटेल काढलं. जपानी जिभेला सोसेल इतपतच तिखट ठेवलं, चिली कोळंबीत चक्क केचप घातलं. माझ्या स्वयंपाकात थोडं खोटं आहे, पण ते चांगलं खोटं, असं ते म्हणत.

१९९० मध्ये ते गेले आणि सगळा भार टोकियोत जन्मलेल्या केनइचींवर आला. १९९३ पासून ‘आयर्न शेफ’ या टीव्हीवरच्या पाकस्पर्धेत चिनी स्वयंपाकाची बाजू त्यांनी सांभाळली, ती १९९९ मध्ये मालिका संपेपर्यंत. वडिलांचा मापो तोफू त्यांचीही ओळख झाला. केनइचींचा मुलगा केंतारो मात्र शिकायला थेट सिचुआनला गेला.

“मग यातली खरी चव कुणाची?” मी विचारलं.

नॅपकिन पिळणं थांबलं. अशी शांतता मी कधी मोडत नाही. खरं काम तिथेच होतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “बाबांनी आजीचा मसाला तसाच ठेवला होता का, हे मी कधी विचारलंच नाही.”

पुढच्या भेटीत तो हसत आला. आजी साताऱ्याकडची. खानावळीत बाहेरगावची पोरं जेवायची, म्हणून बाबांनी तिखट निम्म्यावर आणलं होतं. आजी कितीतरी दिवस त्या रश्श्याला ‘पाणी’ म्हणायची!

तुम्हीही अशी तुलना करत असाल, तर आईवडिलांना त्यांच्या यशाबद्दल विचारू नका. त्यांनी काय बदललं आणि तेव्हा कुणाची बोलणी खाल्ली, ते विचारा. ती माणसं समोर आहेत तोवर विचारा.

तो आजही तिखट कमीच घालतो. बाबांनी पाठवलेला मसाला वेगळ्या वाटीत असतो, मागेल त्याच्यासाठी.