परदेशातले पत्रकार सरकारला बिनधास्त प्रश्न विचारतात, आपले का नाही? ते जास्त धाडसी असतात का?

नाही जी. धाडसी माणसं इकडेही आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा वार्ताहर. मी आधी हे बघतो की बातमीचा पैसा कुणाकडून येतो आणि देणाऱ्याला मनात आलं की हात आखडता घेता येतो का.

आमच्यासारख्यांचं मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. कापूस-सोयाबीनच्या गावात जाहिरात देणार कोण? कृषी केंद्रवाला, पतसंस्था आणि वाढदिवसाची पुरवणी काढणारा पुढारी. पीकविम्यावरून त्या पुढाऱ्याला अडचणीत आणणारी बातमी लागली, की पुढची पुरवणी दुसऱ्या पेपरला जाते. धमकी कुणी देत नाही, तशी गरजच पडत नाही.

जर्मनीत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी घरटी दरमहा वर्गणी आहे. रक्कम स्वतंत्र आयोग सुचवतो, राज्यं मंजूर करतात. साक्सन-आनहाल्ट या एकट्या राज्यानं वाढ अडवून धरली, तेव्हा २०२१ मध्ये घटना न्यायालयानं ती लागू केली: १७.५० वरून १८.३६ युरो. स्वीडननं १९७१ मध्ये वर्तमानपत्रांना थेट सरकारी अनुदान सुरू केलं, तेही मुख्यतः शहरातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या, तग धरून असलेल्या पेपरला. पैसा सरकारचाच, पण कुणाला मिळणार हे नियमानं ठरायचं. मंत्र्याला राग आला म्हणून तो थांबत नसे.

सगळा परदेश असा नाही. इटलीत 'राय'ची तीन सरकारी चॅनेल पक्षांनी वाटून घेतली होती: ख्रिश्चन डेमोक्रॅट, समाजवादी, कम्युनिस्ट. १९९४ मध्ये तर खासगी वाहिन्यांचे मालक बर्लुस्कोनी स्वतःच पंतप्रधान झाले. विदर्भात हे नवं नाही. 'लोकमत' उभा करणारे जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, नागपूरचा 'तरुण भारत' संघविचाराचा. मला यात फारसं वावगं वाटत नाही. पेपरचा रंग ठाऊक असला की वाचक त्या हिशेबानं वाचतो. वाढदिवसाच्या पुरवणीमुळे कोणती बातमी राहिली, हे मात्र त्याला कधीच कळत नाही.

आपल्याकडे काय करता येईल? सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं की रेडिओ-टीव्ही ज्यावर चालतात त्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तरी आजही स्थानिक संस्था आपल्या भागासाठी चालवतात त्या सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. बाजारभाव सांगा, हवामान सांगा, पण विम्याचे पैसे कुठं अडकले याची बातमी करू नका. ही बंदी आधी उठवावी. त्याला सरकारचा एक रुपयाही लागत नाही.