घाटाची काळजी सोडा, वाडीचा रस्ता मोजा

कारखान्यात तयार केलेल्या घराचे ४० बाय १० फुटांचे दोन भाग पुण्याजवळच्या भोसरीहून दापोलीजवळच्या वाडीत न्यायचेत, कंपनी म्हणते वाहतूक आमची, तरी आपण काही बघायला हवं का, असं तुम्ही विचारलंय. बघायलाच हवं. आमचं घर गुहागरकडे असंच गेलं. मी इंजिनियर नाही की ट्रान्सपोर्टवाला नाही, फक्त पैसे भरलेला माणूस आहे, तेव्हा त्या हिशेबाने वाचा. एनए (बिगरशेती परवानगी), जोतं वगैरे झालंय असं धरतो.

घाटाची काळजी ड्रायव्हरवर सोडा. ताम्हिणीच्या वळणांत ४० फुटी ट्रेलर घालायला सहसा कुणी तयार होत नाही. खोपोली-पाली-वाकणवरून महामार्गाला लागायचं, मग माणगाव, महाड, कशेडी, भरणे नाका, फुरूस. खरी गंमत मुख्य रस्ता सोडल्यावर सुरू होते. कोटेशनमधलं 'वाहतूक आमची' नेमकं कुठे संपतं ते वाचा. आमच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत होतं, 'ट्रेलर जाईल तिथपर्यंत'.

आमच्या वाटेवर एक जुना साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. किती वजन झेपतं याची पाटी नाही. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, एवढं पुस्तकात सोपं आहे. प्रत्यक्षात एका कार्यालयाने सांगितलं, हा रस्ता आमच्याकडे नाही. दुसऱ्याने अर्ज ठेवून घेतला आणि त्यानंतर साहेब कायम साइटवर. नावं घेत नाही, अजून घरपट्टी तिथेच भरायची आहे. मी विचारत होतो एकच, किती टन? शेवटी उत्तर आलं तेव्हा ट्रेलर फाट्यावर उभा, हॉल्टिंग (थांबल्याचं भाडं) चालू, हायड्रा क्रेनवाल्याला दिवसाचं भाडं दिलेलं. उत्तरात काय? 'आपल्या जबाबदारीवर वाहन न्यावे.' सही, शिक्का, जावक क्रमांक सगळं व्यवस्थित. टनाचा आकडा सोडून.

ट्रेलरवाल्याने कागद वाचला, घडी घालून मला परत दिला आणि बिडी पेटवली. त्याचं बरोबरच होतं. घर हलकं असतं हो, रिकामा ट्रेलरच त्याहून जड भरतो. मग फाट्यावरच्या एका ओळखीच्या आवारात सगळे भाग उतरवले आणि २० फुटी बॉडीच्या आयशर ट्रकवर एकेक करून आत नेले. चढवणं-उतरवणं दुप्पट, क्रेनही दुप्पट.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: ऑर्डर अजून पक्की झाली नसेल तर १० फुटी रुंदी सोडा. रस्त्यावर साध्या गाडीला २.६ मीटर रुंदीची मर्यादा आहे. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणजे ओडीसी (ठरल्या मापाबाहेरचा माल), वेगळी परवानगी आणि वाडीतल्या गडग्यांशी, म्हणजे दगडी कुंपणांशी, भांडण. ८ फूट म्हणजे २.४४, आरामात बसतं. तुमचे दोन भाग मिळून ८०० चौरस फूट होतात, २० बाय ८ चे पाच भाग घेतले तरी तेवढेच. सांधे वाढतील आणि कोकणच्या पावसात सांधे गळतातच, त्यामुळे वरून वेगळं पत्र्याचं छप्पर घाला. कंपनी 'गरज नाही' म्हणेल. घाला.

१० फुटीच घेणार असाल तर ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद) ओडीसी म्हणूनच करायला सांगा. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, ओडीसीला २० किलोमीटरला एक. बिल साधं काढलं आणि गाडी फाट्यावर अडकली, तर मुदत रस्त्यातच संपते. वाढवायची तर मुदतीच्या आधी किंवा नंतर आठ तासांतच.

बाकी किरकोळ. फांद्यांसाठी १५ फुटी बांबू घेऊन रस्ता चाला, पण तारांच्या आसपास तो बांबू नेऊ नका, त्यासाठी वायरमनलाच विचारा. वळणावर ट्रेलरची मागची चाकं आतून कापतात, तेव्हा गडग्याचा आतला कोपरा मोजा, बाहेरचा नव्हे. १४ टनी हायड्रा १४ टन फक्त अगदी जवळून उचलते, बूम लांबली की ताकद उतरते. गणपतीच्या आसपासची तारीख घेऊ नका, मुंबई-गोवा महामार्गावर तेव्हा अवजड गाड्यांना बंदी लागते. टाइल्स आणि जिप्समचं छत घर जोत्यावर बसल्यावरच.

फाट्यापासून पुढच्या रस्त्यावर साकव किंवा मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) आहे का, आणि सगळ्यात अरुंद जागा किती फूट आहे, तेवढं कळवा. मग आयशर बसेल की ट्रॅक्टर-ट्रॉली लागेल ते बोलू.