पडद्यामागचा स्पीकर आणि एक लाख आठ हजारांची तूट

प्रश्न : आम्ही पुण्यात स्वतःच्या थ्री बीएचकेमध्ये राहतो. दोघेही नोकरी करतो, हातात दरमहा १,७०,००० येतात. तिसरी खोली (१६ फूट बाय साडेअकरा फूट) होम थिएटरसाठी ठेवली आहे. प्रोजेक्टर (२,७०० ल्युमेन, दिव्याचा), रिसीव्हर (स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) आणि दोन बुकशेल्फ (छोटे) स्पीकर घेऊन झाले. आता पडदा उरलाय. पहिले कोटेशन : १२० इंची साधा पांढरा पडदा २६,००० आणि पडद्याखाली ठेवायचा सेंटर स्पीकर २२,०००, एकूण ४८,०००. दुसरे : १२० इंची विणलेला एटी पडदा (ज्याच्या आरपार आवाज येतो) १,२४,०००, फॉल्स वॉल (पडदा लावायला भिंतीपुढे उभारायची दुसरी भिंत) व तिच्यातली लाइटिंग ५२,००० आणि तोच सेंटर स्पीकर २२,०००, एकूण १,९८,०००. बाजूला काढलेल्यांपैकी ९०,००० शिल्लक आहेत. उरलेल्या १,०८,००० साठी पर्सनल लोन (१४ टक्के, २ वर्षे), कार्डावर १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, की मुलीच्या शिक्षणासाठीच्या इक्विटी फंडातून काढावेत? फंडात २,१०,००० आहेत, कर लागणार नाही असे कळले. घरखर्च ६२,०००, गृहकर्जाचा हप्ता ३८,०००, एसआयपी ३५,०००. विमा, शाळेची फी वगैरे वजा जाता महिन्याला १४,००० उरतात. एफडी ४,००,००० ची आहे. मुलगी नववीत आहे.

उत्तर : नमस्कार. आकडे सविस्तर दिलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. एटी पडदा घ्या, पण कोटेशनमध्ये आहे तसा नको आणि या महिन्यात नको. कर्ज तर अजिबात नको.

आधी पाहू की दीड लाखाच्या फरकात तुम्हाला मिळते काय. बोलपट आल्यापासून चित्रपटगृहात स्पीकर पडद्याच्या मागे असतात, म्हणून तिथल्या पडद्याला भोके असतात. संवाद बोलणाऱ्याच्या तोंडातून यावा, एवढाच त्यामागचा हेतू. घरी साधा पडदा लावला की सेंटर स्पीकर खाली जातो. १२० इंची पडद्याची उंची १४९ सेंटिमीटर, खालची कड जमिनीपासून ६०-६५ वर. म्हणजे स्पीकर जेमतेम गुडघ्याच्या उंचीवर आणि नटाचा चेहरा त्याच्या मीटरभर वर. चित्रपटातले बहुतेक संवाद याच एका स्पीकरमधून येतात. डावा-उजवा स्पीकर मात्र पडद्याच्या मागे जायलाच हवा असे नाही. तुमच्या खोलीत तो मागे गेला तर उलट दोघांतले अंतर कमी होऊन आवाजाचा पसारा आक्रसेल. तेव्हा हिशेब असा मांडा, की जास्तीचा सगळा पैसा एका स्पीकरच्या जागेसाठी जातोय. दर आठवड्याला दोन-तीन चित्रपट बघणाऱ्या घराला तो खर्च पटण्यासारखा आहे, कारण प्रोजेक्टर पाच-सहा वर्षांत बदलला जातो पण नीट ठेवलेला चौकटीचा पडदा त्यानंतरही चालतो. महिन्यातून एकदा बघणार असाल तर पहिलेच कोटेशन घ्या. सेंटरखाली पाचर देऊन त्याचे तोंड कानांच्या दिशेने वर करा. बराच फरक त्याने भरून निघतो.

दुसऱ्या कोटेशनमध्ये मला खटकते ती पहिली गोष्ट हीच, की पडदा एटी आणि मागे ठेवायला तोच आडवा सेंटर. आडवा सेंटर बनवतात तो पडद्याखालच्या अरुंद जागेत मावावा म्हणून. त्यात दोन वूफर (जाड आवाजाचे मोठे भाग) शेजारी-शेजारी असल्याने मधल्या खुर्चीवरून बाजूला सरकले की संवाद पातळ होतो. पडद्यामागे उभा स्पीकर मावत असताना ही तडजोड कशाला? तिथे तुमच्याकडे आहेत त्याच मॉडेलचा तिसरा बुकशेल्फ उभा ठेवा, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा भाग) जमिनीपासून १०० ते ११० सेंटिमीटरवर. अनेक कंपन्या हे स्पीकर जोडीनेच विकतात, त्यामुळे २२,००० चा आकडा पुन्हा विचारून घ्या. जोडी घ्यावी लागली तर खर्च वाढेल, आणि तो आत्ताच कळलेला बरा.

दुसरी गोष्ट मापाची, आणि इथेच तुमचे पैसे वाचतात. फॉल्स वॉल खोलीचा दीड फूट खाते : स्पीकरची मागे-पुढे लांबी २८ सेंटिमीटर, त्याच्या मागे ५, पुढे पडद्यापर्यंत १०, शिवाय चौकट. खोलीची लांबी ४८८ सेंटिमीटर आहे, ती ४४३ वर येते. मागच्या भिंतीशी प्रोजेक्टरची लांबी, केबल आणि गरम हवेसाठी ५० सेंटिमीटर सोडा. लेन्सपासून पडद्यापर्यंत उरले ३९० च्या आसपास. तुमच्या प्रोजेक्टरचा किमान थ्रो रेशो (लेन्सपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल, तर १२० इंची पडद्याला (रुंदी २६६) ३९९ सेंटिमीटर लागतील. म्हणजे चित्र चौकटीबाहेर सांडेल. १,९८,००० खर्चून झाल्यावर हे कळले तर काहीच करता येत नाही. ११० इंचीला (रुंदी २४४) ३६६ पुरतात. पुस्तिकेतला आकडा आज रात्रीच बघा.

उजेडाचेही तसेच. साध्या पांढऱ्या पडद्याचा गेन (पडदा किती उजेड परत देतो याचे माप) साधारण १ ते १.१ असतो, विणलेल्या एटी कापडाचा बहुधा ०.८ ते ०.९, कारण काही उजेड विणीतून मागे निघून जातो. जाहिरातीतले २,७०० ल्युमेन सिनेमा मोडमध्ये १,५०० धरा. १२० इंची पडदा ४२.७ चौरस फुटांचा. ०.८५ गेनने सुमारे ३० फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचे माप) मिळतील. नवीन दिव्यावर उत्तम. दिवा म्हातारा होऊन उजेड निम्मा झाला की १५, म्हणजे चित्रपटगृहाच्या १६ या मापाखाली. ११० इंची पडदा ३५.९ चौरस फुटांचा, तिथे नव्या दिव्यावर साडेपस्तीस आणि निम्म्यावरही पावणेअठरा. शिवाय ३.४ मीटरवर बसून ११० इंच म्हणजे नजरेचा जवळपास ४० अंशांचा कोन भरतो. त्याहून मोठे चित्र तुम्हाला या खोलीत लागणार नाही. बाजूच्या भिंतीपर्यंत दोन्हीकडे ५३ सेंटिमीटर उरतात, त्यात डावा-उजवा स्पीकर भिंतीला न चिकटता बसतो.

विणलेले की भोकांचे, असा प्रश्न दुकानदार काढेल. भोकांचा व्हिनाइल पडदा जास्त उजळ असतो, पण स्पीकर त्याच्यापासून फूटभर मागे हवा, नाहीतर भोकांमधल्या कोऱ्या जागेवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळून वरच्या पट्टीत खाचा पडतात, म्हणजे काही सूर दबतात. वर प्रोजेक्टरचे पिक्सेल आणि भोकांची रांग जुळून चित्रात लहरी दिसण्याचा धोका. तुमच्याकडे ती फूटभर जागा नाही. विणलेलेच घ्या. त्यात वरच्या पट्टीचा आवाज एक-दोन डेसिबल दबतो पण एकसारखा दबतो, आणि रिसीव्हरमधले ऑडिसी किंवा डिरॅक (खोलीनुसार आवाज जुळवणारे सॉफ्टवेअर) ते भरून काढते. मात्र माइक लावून ती मोजणी पडदा बसल्यावर पुन्हा करायची. बरेच जण हे विसरतात आणि पडद्याला दोष देतात.

आता ५२,००० ची भिंत. त्यातली लाइटिंग काढून टाका. पडद्याभोवती उजेड म्हणजे काळ्या रंगाची माती. ओळखीच्या सुताराकडून जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचे) चॅनल आणि १८ मिलिमीटर प्लायची नुसती चौकट, बाजूला स्पीकर ग्रिलचे काळे कापड, आतून सगळीकडे मॅट काळा रंग. हे २४,००० च्या आसपास बसवता यावे. आतला काळा रंग वगळू नका : विणीतून मागे गेलेला उजेड पांढऱ्या भिंतीवर किंवा स्पीकरच्या चकचकीत कडेवर आपटून परत आला की चित्रावर फिकट डाग दिसतो. चौकटीचे सांधे रबर किंवा फेल्ट घालून आवळा, नाहीतर सबवूफर वाजला की भिंत खडखडेल. काळे कापड खिळ्यांनी नको, वेल्क्रोने, म्हणजे स्पीकरची वायर सुटली तर भिंत फोडावी लागणार नाही.

पडद्याचा भाव क्षेत्रफळाच्या प्रमाणात उतरला तर ११० इंचीला सुमारे १,०४,०००. अधिक भिंत २४,०००, अधिक स्पीकर २२,०००. एकूण दीड लाख. तूट १,०८,००० वरून ६०,००० वर आली.

या ६०,००० साठी तुमच्याकडे महिन्याचे १४,००० आहेत. पाच महिने. तोवर भिंतीला मॅट पांढरा रंग देऊन त्यावरच चित्रपट बघा, मास्किंग टेपने ११० इंचांची चौकट आखून. बसायची जागा, पडद्याची उंची, पुढच्या खुर्चीचे डोके आड येते का, हे सगळे या पाच महिन्यांत फुकटात कळेल. रविवारची मॅच दिवसाउजेडी इथेच बघायचा विचार असेल, तर एटी पडदा त्या कामाचा नाही हेही तेव्हाच दिसेल.

तुम्ही विचारलेले तीनही मार्ग तपासले. १,०८,००० चे पर्सनल लोन १४ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी म्हणजे हप्ता ५,१८५, व्याज सुमारे १६,४५०. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी धरला तर एकूण १९,००० जातात. जवळजवळ तुमचा तिसरा स्पीकर. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज नसते असे नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली, तेव्हापासून व्याज लावले जाते आणि तेवढी सवलत किमतीत दाखवली जाते. बँकेचा दर १५ टक्के असेल तर ९,००० च्या बारा हप्त्यांत सुमारे ८,३०० व्याज असते आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे दीड हजार, तुम्ही भरता. खरी किंमत वेगळीच : एकरकमी पैसे दिले तर दुकानदार जे कमी करेल, ते तुम्ही सोडून देता. आणि ९,००० चा हप्ता म्हणजे वर्षभर हातात फक्त ५,०००.

फंडाबद्दल तुम्हाला कळले ते बरोबर आहे. २३ जुलै २०२४ पासून इक्विटीवरच्या दीर्घकालीन नफ्याला १२.५ टक्के कर आहे, पण वर्षाला १,२५,००० पर्यंतच्या नफ्याला नाही. तुमच्या रकमेवर कर बहुधा शून्यच येईल. तरीही त्या पैशाला हात लावू नका. मुलगी तीन-चार वर्षांत बारावीतून बाहेर पडेल. त्या फंडातून काढायचेच असेल तर पुढच्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून एफडीत किंवा अल्प मुदतीच्या डेट फंडात ठेवा, म्हणजे प्रवेशाच्या महिन्यात बाजार पडलेला असला तरी फी भरता येईल. चार लाखांची एफडी म्हणजे चार महिन्यांचा खर्च आणि हप्ता. दोन वेगळे पगार आहेत म्हणून पडद्यासाठी पाच महिने थांबायला मी हो म्हणतोय. पडदा झाला की तेच १४,००० एफडीत जाऊ द्या, सहा लाख होईपर्यंत. त्याला सव्वा वर्ष लागेल.

पैसे जमेपर्यंत दुकानदाराकडून कापडाचा ए-फोर आकाराचा तुकडा मागा. पांढरे चित्र टाकून तो भिंतीवर धरा आणि तुम्ही बसणार तिथून, ३.४ मीटरवरून, वीण दिसते का बघा. मग ट्वीटरपुढे धरून ओळखीचा संवाद कापडासह आणि कापडाविना ऐका. कोटेशनवर या गोष्टी लेखी हव्यात : गेन किती, मागे वेगळे काळे कापड लागते का आणि ते किमतीत आहे का, कापड अग्निरोधक आहे का, जीएसटी आणि बसवणूक धरली आहे का, आणि कापड सैल पडले तर पुन्हा ताणायला स्प्रिंग आहेत की नुसती पट्टी. विणलेल्या कापडाला ओला फडका चालत नाही, धूळ मऊ ब्रशनेच काढावी लागते, म्हणून खोलीतले प्लास्टर आणि पॉलिशचे काम संपल्याशिवाय पडदा खोक्यातून काढू देऊ नका. आगाऊ रक्कम तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. उरलेले पैसे पडदा ताणून बसल्यावर आणि पांढऱ्या चित्रावर सुरकुती दिसत नाही हे स्वतः पाहिल्यावर द्या.