शैली ठरवण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. इचलकरंजीच्या माग कारखान्यातली तुझी सगळी रेकॉर्डिंग्ज हेडफोन लावून ऐकली. ‘याचं म्यूझिक काँक्रीत करू, साउंडस्केप करू की ड्रोन?’ असं तू विचारलं आहेस, म्हणजे नोंदवलेले आवाज कापून-बदलून केलेली रचना, जागेचं ध्वनिचित्र, की लांबत जाणारा एकच सूर. हा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. आधी एवढंच ठरव, की हा मागाचा आवाज आहे हे ऐकणाऱ्याला कळायला हवं की नको? शैली त्यावरून ठरेल.

म्यूझिक काँक्रीतचे जनक, फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनवर आगगाड्यांचे आवाज नोंदवून त्यांची रचना केली. आवाज ऐकताना आगगाडीचा विसर पडावा, अशी त्यांची धडपड होती. घंटेचा टोला कापून टाकला की मागे उरलेला नाद ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा लागतो, हेही त्यांच्या लक्षात आलं त्याच वर्षी. धोट्यावर, म्हणजे मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागावर, हा प्रयोग अवश्य कर. धोटा पेटीत आदळतो तेवढा ‘खट्’ काढून टाक, उरलेल्या घुमाऱ्याला हळू उठाव दे आणि तो चौपट लांबव. कुणाला माग आठवणारही नाही. सुंदर लागेल ते. पण तुझ्या हातात जे आहे, त्यातलं निम्मं त्यात हरवेल असं मला वाटतं.

कारण तुझं तिसरं रेकॉर्डिंग. शेजारचे दोन माग सुरुवातीला एका ठेक्यात चालतात, मग एक किंचित पुढे सरकतो, ठोक्यांच्या मध्ये ठोके पडू लागतात, मधेच तिहाईसारखं काहीतरी तयार होतं आणि पुन्हा दोघं एकत्र येतात. प्रत्येक मागाची मोटर वेगळी, पट्ट्याची ओढ वेगळी, म्हणून हे घडतं. अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये एकाच आवाजाचे दोन टेप लूप, म्हणजे टोकं जोडून पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या फिती, दोन यंत्रांवर लावले, तेव्हा वेगातल्या अशाच बारीक फरकातून त्यांना त्यांची फेजिंगची पद्धत सापडली. तुझ्याकडे ती कारखान्यातून आयती आली आहे! ती सॉफ्टवेअरच्या ग्रिडला, म्हणजे समान अंतराच्या ठोक्यांच्या चौकटीला, चिकटवून सरळ करू नकोस. इफेक्टही नकोत, निदान पहिली पाच मिनिटं.

आणि तो क्षण, एक माग अचानक थांबतो, बहुधा आडव्या धाग्याची कांडी संपली म्हणून. दुसरा एकटाच चालत राहतो, आणि तोवर दडपलेला पंखा, कुणाचं तरी बोलणं, बाहेरचा हॉर्न असं सगळं वर येतं. तू तो तुकडा ‘खराब’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकला आहेस. बाहेर काढ तो. रचनेचा कणा तोच आहे. तिथे माग ओळखू आलाच पाहिजे, कारण थांबलेलं यंत्र कुणीतरी हाताने पुन्हा चालू करणार आहे, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. धोट्याचे माग जाऊन बिनधोट्याचे येत आहेत, म्हणूनही मला हा आवाज झाकू नये असं वाटतं.

ड्रोनचा विचार सोड. घुमारा हवाच असेल तर शेवटच्या मिनिटात येऊ दे.

पुढच्या खेपेला कानात बोळे घालून जा, आणि रेकॉर्डरची पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. दुसऱ्या फाइलमध्ये ठोके फाटले आहेत, ते नंतर दुरुस्त होणार नाहीत. त्याच दोन मागांचं सलग अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग कर आणि न कापता पाठव.

तुझा,
सर