बोर्ड स्वस्त आहे, पण त्याच्या मागे कोण उभं आहे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एआरएम चिपच्या छोट्या बोर्डांबद्दलची, म्हणजे एकाच पाटीवर मावणाऱ्या संगणकांबद्दलची आहेत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या मुलांना मी १९ वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर मिरजेच्या घरात माझं टेबल याच बोर्डांनी भरलेलं असतं, त्यामुळे हा अंक त्यांनाच देते.

प्रश्न : ऑरेंज पाय पीसी हा बोर्ड मी जुन्यात घेतला. सोबतच्या कार्डावरून लिनक्स चालतं, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.४ दाखवतो आणि काही केल्या नवा चढत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन या लिनक्सची कुठलीही इमेज (चढवायची तयार प्रत) टाकली तरी चालते. मग याच बोर्डाला वेगळी इमेज का लागते? आहे तसंच वापरलं तर काय बिघडेल? (एक वाचक, बार्शी)

आहे तसं वापरू नका, आणि घरच्या नेटवर्कला तर मुळीच जोडू नका. ३.४ हा कर्नल मूळचा मे २०१२ चा आणि तुमचा बोर्ड २०१५ चा. म्हणजे बोर्ड विकायला आला तेव्हाच आतला कर्नल तीन वर्षांचा होता. त्यावर या एच ३ चिपसाठी ऑलविनर कंपनीने स्वतःचा कोड चढवला होता. त्या कोडमध्ये राहून गेलेलं एक भोक मे २०१६ मध्ये उघड झालं. एका ठरावीक फाइलमध्ये ‘रूटमायडिव्हाइस’ एवढा शब्द लिहिला की साधा वापरकर्ता थेट रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, व्हायचा. कार्डावरची इमेज त्याआधीची असेल तर ते भोक आजही तुमच्या घरात उघडं आहे.

आता इमेज वेगळी का लागते ते. लॅपटॉपमधलं फर्मवेअर (यंत्रातच बसवून दिलेलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) कर्नलला सुरुवातीलाच सांगतं की या यंत्रात काय काय बसवलेलं आहे. पीसीआय आणि यूएसबीवरची उपकरणं विचारलं की आपली ओळख देतात. एआरएम चिपमधले बहुतेक भाग अशी ओळख देत नाहीत. जुन्या वाड्यात कुठल्या बटणाने कुठला दिवा लागतो हे भिंतीकडे बघून कळत नाही, ज्याने तारा ओढल्या त्याचा नकाशा हातात लागतो. बोर्डाच्या अशा नकाशाला डिव्हाइस ट्री म्हणतात. तुमच्या बोर्डाच्या नकाशात हिरवा दिवा पीएल १० या पिनेवर आणि लाल दिवा पीए १५ वर, असं एकेक ओळीत लिहिलेलं आहे. शेजारच्या बोर्डावर चिप तीच असली तरी पिना निराळ्या असतात, त्यामुळे त्याचा नकाशाही निराळा.

पूर्वी हे नकाशे वेगळे नसायचेच. प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलच्या सी कोडमध्येच कोंबलेली असायची. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर संताप व्यक्त केला. त्यानंतर एआरएमची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे वळली आणि डिसेंबर २०१२ च्या ३.७ या कर्नलपासून अनेक कंपन्यांच्या चिपांसाठी एकच कर्नल बांधता येऊ लागला. नकाशा मात्र कुणीतरी बसून लिहावाच लागतो.

ऑलविनरच्या चिपांसाठी हे काम मुख्यतः लिनक्स-सनक्सी या समुदायाने केलं. कंपनीकडून मिळालेला अर्धामुर्धा कोड वाचायचा, चिपमधली रजिस्टरं (तिला हुकूम देण्याचे कप्पे) एकेक करून तपासायची, स्वच्छ ड्रायव्हर नव्याने लिहायचा आणि सगळ्यांच्या सामायिक मूळ कर्नलच्या देखभालकर्त्यांसमोर ठेवायचा. ते दहा चुका काढतात, की पुन्हा लिहायचा. तुमच्या बोर्डावरचं इथरनेट मूळ कर्नलमध्ये ४.१३ च्या वेळी आलं. पण नकाशात ते कसं लिहावं यावर एकमत झालं नव्हतं, म्हणून नकाशाचा तो भाग काढून घेतला गेला आणि ४.१५ मध्ये, म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये, परत आला. बोर्ड बाजारात येऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती. हा उशीर मला खटकत नाही. घाई केली नाही म्हणूनच तो ड्रायव्हर आजच्या कर्नलमध्येही तुमच्या बोर्डाला उपयोगी पडतो.

तुम्ही आर्मबियनची इमेज घ्या. स्लोव्हेनियाच्या इगोर पेचोव्निक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प डेबियन आणि उबुंटू अशा बोर्डांसाठी तयार करून देतो. नवं कार्ड वापरा, जुनं बाजूला जपून ठेवा. आणि या बोर्डाला वीज गोल पिनेच्या ५ व्होल्टच्या ॲडॉप्टरनेच द्या. मायक्रो यूएसबीची खोबण दिसते खरी, पण तिथून हा बोर्ड चालत नाही.

प्रश्न : आमच्या वाडीवर नेटवर्क येत नाही. मुलांसाठी एका छोट्या बोर्डावर किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून मराठी विकिपीडिया ठेवला आहे. मी एकटी उघडते तेव्हा नीट चालतं. पाच-सहा मुलांनी मोबाइल जोडले की बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. इमेज तीनदा बदलली. आता कुठलं लिनक्स टाकू? (एक शिक्षिका, ता. शिराळा)

बाई, लिनक्स बदलू नका. केबल बदला.

तुमचं पत्र वाचलं आणि मला माझा पहिला बोर्ड आठवला. तो मायक्रो यूएसबीवर चालायचा. घरी मोबाइलची एक लांब, बारीक केबल होती, तीच लावली. दोन आठवडे मी कर्नल बदलत बसले होते. शेवटी मल्टिमीटर काढला आणि बोर्डाच्या पिनांवर थेट मोजलं. रिकामा असताना ४.९ व्होल्ट, कामाला लागला की ४.५. ज्या मुलांना मी ओहमचा नियम फळ्यावर लिहून शिकवला, त्यांना मी पहिल्याच दिवशी मोजायला लावलं असतं.

हिशेब सोपा आहे. बारीक केबलचा जाऊन-येऊन रोध अर्धा ओहम धरा. बोर्ड निवांत असताना ०.२ अँपियर ओढतो, तेव्हा तारेतच ०.१ व्होल्ट जातो आणि कुणाला कळतही नाही. मुलं जोडली की चारही कोअर आणि वायफाय एकदम जागे होतात, विद्युतधारा १ अँपियरवर जाते आणि अर्धा व्होल्ट तारेत संपतो. अशा बोर्डांच्या ज्या तक्रारी सॉफ्टवेअरच्या नावावर येतात, त्यातल्या कितीतरी तक्रारींचं मूळ वीज किंवा कार्ड हेच निघतं. स्वयंसेवकांचा किती वेळ यात जातो ते मी पाहिलेलं आहे, म्हणून एवढ्या कळकळीने लिहिते. आखूड आणि जाड केबल घ्या, ॲडॉप्टर २ अँपियर किंवा त्याहून मोठा घ्या. गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून चालू बोर्डावर व्होल्टेज मोजून घ्या. मुलांसमोरच मोजा, त्यांनाही बघू द्या.

कार्डाचीही परीक्षा घ्या. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत फक्त ८ जीबी असलेली बनावट कार्डं सर्रास मिळतात. एफ ३ नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे, तो कार्ड काठोकाठ भरतो आणि पुन्हा वाचून ताडून पाहतो. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. परीक्षेआधी कार्डावरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायला विसरू नका.

प्रश्न : बोर्डावर लिनक्स चाललं, पण मराठी फाइलींची नावं चौकोन-चौकोन दिसतात. (एक वाचक, वाशीम)

हलक्या इमेजमध्ये देवनागरी फाँट नसतो. लोहित देवनागरी किंवा नोटो हे पॅकेज बसवा, चौकोन जातील. लोहित हे रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याने खुले केलेले फाँट आहेत. काळ्या पडद्यावरच्या निव्वळ मजकुराच्या कन्सोलमध्ये मात्र जोडाक्षरं नीट उमटणार नाहीत. तिथे एका वेळी ५१२ च आकृत्या मावतात आणि अक्षरं जोडण्याची सोयच नाही. त्यासाठी डेस्कटॉप लागेल, नाहीतर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून आदेश देण्याच्या सोयीने) आत शिरा.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. बाबांचा जुना रेडमी २ पडून आहे. त्याच्यावर खरं लिनक्स चालेल का? बोर्ड घ्यायला पैसे नाहीत. (एक विद्यार्थी, सावंतवाडी)

चालेल, आणि तुझा फोन चांगला निघाला. रेडमी २ आपल्याकडे २०१५ मध्ये विकायला आला. त्यातली स्नॅपड्रॅगन ४१० ही चिप चार कॉर्टेक्स-ए५३ कोअरची आहे आणि ती असंख्य स्वस्त फोनांत बसली. फोन पुष्कळ, म्हणून हात लावणारेही पुष्कळ. त्यामुळे या चिपवर मूळ कर्नल चालवायचं स्वयंसेवकांचं काम फार पुढे गेलं आहे. पोस्टमार्केटओएस हे नाव शोध. २०१७ मध्ये ऑलिव्हर स्मिथ यांनी ते सुरू केलं. अल्पाइन लिनक्सवर आधारलेलं आहे आणि फोन दहा वर्षं तरी वापरात राहावा हा त्यामागचा हेतू आहे.

या कामातला एक भाग मला विशेष आवडतो. रेडमी २ च्या एकाच मॉडेलमध्ये निरनिराळ्या कारखान्यांचे पडदे बसवलेले असत. बाहेरून सगळे सारखेच. कर्नलला मात्र नेमका कुठला आहे ते कळल्याशिवाय पडदा उजळत नाही. त्यासाठी समुदायाने एलके२एनडी नावाचा दुसरा बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) लिहिला. तो मूळ बूटलोडरनंतर जागा होतो, पडदा कुठला ते शोधतो आणि कर्नलला कळवतो. कुणी काय चढवून ठेवलंय हे हुडकून काढायचं कसब तुला शिकायचं असेल, तर तो कोड वाच.

आता तीन गोष्टी, आणि यात सवलत नाही. बाबांना विचारून घे आणि त्यांचे फोटो, नंबर आधी उतरवून ठेव. पोस्टमार्केटओएसच्या पानावर तुझ्या नेमक्या मॉडेलचं काय चालतं आणि काय चालत नाही याचा तक्ता असतो, तो फ्लॅश करण्याआधी, म्हणजे नवं लिनक्स फोनवर चढवण्याआधी, वाच. आणि बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेव. ती फुगलेली असेल, टेबलावर गरगर फिरत असेल, तर ती पुन्हा फोनमध्ये घालायची नाही आणि चार्जला तर लावायचीच नाही.

प्रश्न : बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे विचारतो. हे सगळं फुकट करणारे लोक कोण? उद्या ते निघून गेले तर? आणि मला प्रोग्रामिंग येत नाही, मग मी त्यांना काय देऊ शकतो? (एक निवृत्त वाचक, नाशिक)

निघून जातात, काका. नोकरी बदलते, घरात लहान मूल येतं, कंटाळाही येतो. आर्मबियनने हे लपवलेलं नाही. तिथे प्रत्येक बोर्डाची एक फाइल असते आणि फाइलच्या शेपटावरून अवस्था कळते. सीएससी असेल तर बोर्ड समुदायाच्या भरवशावर, डब्ल्यूआयपी म्हणजे काम चालू, ईओएस म्हणजे आधार संपला. बोर्डाला नाव लावून देखभाल करणारा माणूस उरला नाही की बोर्ड खालच्या यादीत जातो. विकत घेण्याआधी मी किमतीच्या आधी हे शेपूट बघते. तीनशे रुपये वाचवून अनाथ बोर्ड घरी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोक कोण, तर एक उदाहरण सांगते. पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आला. त्याची चिप एआरएमव्ही६ या जुन्या पिढीची होती. डेबियनची वेगवान आवृत्ती पुढच्या एआरएमव्ही७ साठी होती, आणि या चिपवर जी चालायची तिच्यात दशांश अपूर्णांकांची गणितं संथ व्हायची. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन या दोघांनी आपणहून ठरवलं की सगळं डेबियन या चिपसाठी नव्याने बांधायचं. त्यांनी छोट्या एआरएम बोर्डांचा ताफा जुळवला, तो अहोरात्र चालवला आणि जून २०१२ मध्ये ३५ हजारांहून अधिक पॅकेजं बांधून पूर्ण झाली. तेच रास्पबियन. ज्या शाळांनी तेव्हा पाय घेतले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कार्डावर तेच होतं.

तुम्ही काय देऊ शकता? पैसे देता येतात, द्या. पण त्याहून दुर्मीळ गोष्ट आहे नीट लिहिलेली तक्रार. ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडे सगळे बोर्ड नसतात. जो बोर्ड फक्त तुमच्या टेबलावर आहे, त्याचे डोळे तुम्हीच.

माझ्याकडच्या एका बोर्डावर दोनपैकी एकच यूएसबी पोर्ट चालायचा. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं : बोर्डाची कुठली आवृत्ती, कुठला कर्नल, बंद पोर्टवर मोजलेलं व्होल्टेज शून्य. दोन दिवसांत पलीकडून एका अनोळखी माणसाने सिरियल लॉग, म्हणजे सुरू होताना बोर्ड तारेवरून पाठवतो त्या संदेशांची नोंद, मागितला. तो काढायला यूएसबी-टीटीएलचा छोटा तुकडा लागतो, पातळी ३.३ व्होल्टची असावी. ग्राउंडला ग्राउंड, एकाचा टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला) आणि उलट, वेग ११५२००, आणि त्यातली व्होल्टेजची चौथी तार जोडायचीच नाही. लॉग पाठवला. त्याने नकाशात पोर्टला वीज देणाऱ्या पिनेचा आकडा बदलला आणि म्हणाला, बघा. मी बघितलं, पोर्ट चालू झाला. त्या बदलाच्या खाली ‘टेस्टेड-बाय’ (तपासणारी व्यक्ती) असं लिहून माझं नाव घातलेलं आहे. एका ओळीचा बदल होता तो. त्या दिवशी मी शेजारच्या घरी पेढे दिले.

तुम्ही बँकेत आकडे जुळवलेत, त्यामुळे काय दिसलं ते क्रमाने आणि न वाढवता लिहिणं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. नाशिकमध्ये लॉग काढायला मदत लागली तर मला पुन्हा लिहा, तारा कशा जोडायच्या त्याचं चित्र काढून पाठवते.

आणि बार्शीच्या वाचकांनो, नवी इमेज चढली की पहिल्या बूटचा लॉग मला जरूर पाठवा. हिरव्या दिव्याबरोबर लाल दिवाही लागतो का, तेही त्यात लिहा.